इरव्वा अजून सातव्या भागात आहे

नववा भाग काल रात्री संपला.
म्हणजे पावणेदोनला. शेवटच्या पानानंतर
एक कोरं पान होतं, त्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का
आणि कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं : आता काय?
अक्षर बाईचं वाटलं. तारीख नव्हती.

सकाळी माग लावले.
वडगावात आमच्या गल्लीची खटखट सगळ्यांच्या आधी सुरू होते,
तशी ती झाली.
मी कांड्या भरायला बसले
आणि ऐकू आलं,
ह्या आवाजात खाडी नाही.
चार महिने होती.
चार महिने मी हिरव्या सुतावर बोट ठेवून
भरतीची वेळ सांगितली असती.

नवरा म्हणाला, डोळे सुजलेत, थायरॉईड तपासून घे.
लेक म्हणाला, अगं पुस्तकच ते, दुसरं आण.
जशी काय चप्पल.

दुपारी परत द्यायला गेले.
येळ्ळूरकर मास्तरांनी रजिस्टरात माझ्या नावापुढच्या
नऊ सह्या बघितल्या, चष्मा कपाळावर सारला,
"झाले का सगळे?"
आवाज असा, की मयताला आलेत.
मग उगाच कपाटाकडं वळले,
"दहावा लिहायला घेतला होता म्हणतात…"
एवढंच. पुढचं वाक्य त्यांनीही वाचलेलं नव्हतं.

येताना कुंद्याच्या दुकानापाशी उभी राहिले.
घ्यायचं काही नव्हतं.
पाटी वाचली. वरची ओळ कानडी, खालची इंग्रजी,
आणि कोपऱ्यात रंगाचा पोपडा निघालाय तिथं
आतून वर आलेलं एक मराठी अक्षर, 'ळ'.
बाकी शब्द काय होता कोण जाणे.
मला आठव्या भागातली होडी आठवली, पान दोनशे अकरा :
लंगडा बर्गू बुडाल्यावर रंगवून काढली त्यांनी, नवं नाव घातलं,
तरी ओल धरली की जुनं नाव फुगून वर यायचं.
दुकानातला पोरगा म्हणाला, अक्का, पाव किलो देऊ?
म्हटलं, दे.

संध्याकाळी वीज गेली.
माग थांबले की इरव्वा येते,
समोरच्या दारातून, हातात पानाची चंची.
मराठी तिला वाचता येत नाही, बोलते अर्धी,
मला कानडी तेवढीच.
दोन अर्ध्यांवर आम्ही साडेसहा भाग ओढत आणलेत.
खाडीला ती होळी म्हणते. नदीच की ती तिच्या लेखी.
समुद्र तिनं बघितलेला नाही.
मी तरी कुठं? एकदा, गोव्याला,
वऱ्हाडाबरोबर, अर्धा तास.

उंबऱ्यावर बसली, सुपारी कातरली,
कुंदा चाखला, बोट पुसलं पदराला,
म्हणाली, "हं. मुंद एनातु?"

पुढं काय झालं.

पुढं काय झालं ते मला काल रात्रीपासून माहीत आहे
आणि तिला नाही.
तिच्याकडं बर्गू अजून गूळ चोरतो.
लक्षीनं पत्र उघडलेलं नाही.
होडीवर खरं नाव आहे.

मी बघत राहिले तिच्याकडं,
जसं एखाद्या गावाकडं बघावं
जिथं जाणारी शेवटची बस अजून सुटलेली नाही.

मग सुरू केलं. हळू.
बर्गूला बाजारात नेलं, जो बाजार पुस्तकात नाही.
शनिवारचा, आपल्यासारखाच.
त्याला मिरची घ्यायला लावली, भाव करायला लावला,
कानडीत.
इरव्वा हसली. त्याला कानडी कधीपासनं येतं?
म्हटलं, आजपासनं.

वीज आली. माग सुरू झाले.
ती उठली नाही, नुसती जवळ सरकली
आणि कान पुढं केला.

सातव्यात अजून साठ पानं आहेत.
मी ती दिवाळीपर्यंत पुरवणार आहे.
आठव्याचं
बघू.